अनावर्ती आणि आवर्ती : प्रस्तावना

आरोग्य खात्याच्या कुठल्याही नव्या प्रस्तावाच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो आणि त्यात दोन रकाने असतात. एक ‘अनावर्ती’, दुसरा ‘आवर्ती’. इमारत, यंत्रे, खाटा, रुग्णवाहिका हा एकदाच होणारा खर्च पहिल्या रकान्यात. पगार, वीज, औषधे, डिझेल, दुरुस्ती हा दरवर्षी परत दारात येणारा खर्च दुसऱ्यात. पहिला रकाना पै-पैचा हिशेब करून भरलेला असतो, कारण त्याच्यामागे अभियंत्याचे अंदाजपत्रक असते, पुरवठादाराचे दरपत्रक असते, तांत्रिक मान्यता असते. दुसऱ्या रकान्यात पुष्कळदा ‘उपलब्ध निधीतून भागवण्यात येईल’ एवढे एकच वाक्य असते. मी स्वतः अशा वाक्याखाली सह्या केल्या आहेत. हे पुस्तक त्या वाक्याबद्दल आहे.

नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होतो. तीस खाटा, मी धरून दोन डॉक्टर, आणि बसने जिल्ह्याला जायला अडीच तास. एका मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ट्रकमधून एक्स-रे यंत्र उतरले. गावातली माणसे बघायला जमली होती. यंत्राची नोंद त्याच दिवशी जडवस्तू संग्रह नोंदवहीत झाली, पावती गेली, बिल निघाले. मग कळले की ज्या खोलीत ते बसवायचे तिथे थ्री फेज वीज नाही. वीज मंडळाकडे मागणी करायची तर अनामत भरायला निधी नाही. किरण अडवणारा शिशाचा पत्रा दरवाजाला लावायचा तर ते बांधकाम खात्याचे काम, आणि त्यांच्या अंदाजपत्रकात ते नव्हते. क्ष-किरण तंत्रज्ञाचे पद आकृतिबंधात मंजूर होते, पण त्या पदावरचा माणूस प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी काम करत होता. यंत्राची हमी पुरवठ्याच्या तारखेपासून मोजायची असे करारात लिहिले होते. ती बारा महिन्यांची हमी संपली तेव्हा त्या यंत्राने एकही फिल्म काढलेली नव्हती. त्या वर्षभरात हात-पाय मोडलेल्या प्रत्येक माणसाला मी चिठ्ठी लिहून जिल्ह्याला पाठवत होतो. त्यातले किती पोहोचले आणि किती जण हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेऊन घरी गेले, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

या गोष्टीत चोरी कुणी केली नाही, आळसही कुणी केला नाही. प्रत्येकाने आपापला कागद वेळेत पूर्ण केला. म्हणूनच ती मला इतकी वर्षे छळत राहिली. दोष नियोजनाच्या पद्धतीत होता. यंत्र विकत घेण्याचा निर्णय एका टेबलावर झाला, वीज दुसऱ्या, माणूस तिसऱ्या आणि भिंत चौथ्या टेबलावर राहिली, आणि रुग्णाला तर या चारही गोष्टी एकाच दिवशी, एकाच खोलीत लागतात.

आपल्याकडे सार्वजनिक आरोग्यसेवेचा पहिला मोठा आराखडा याच समजुतीने आखला गेला होता, हे आज पुष्कळांना ठाऊक नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिने चार खंडांचा अहवाल दिला. भोर समितीने दोन टप्पे सुचवले. तातडीच्या टप्प्यात दर ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र. दीर्घ पल्ल्याच्या टप्प्यात दर दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचे प्राथमिक एकक, त्याच्यावर ६५० खाटांचे दुय्यम रुग्णालय, आणि तीस लाख लोकसंख्येच्या जिल्ह्यासाठी २,५०० खाटांचे जिल्हा रुग्णालय. हे आकडे आज वाचले की छाती दडपते. पण मला त्या अहवालात आकड्यांहून मोलाची वाटते ती त्याची मांडणी. खाटांबरोबरच डॉक्टर किती, परिचारिका किती, ती माणसे कुठे शिकणार, शिकवणारे कुठून येणार आणि या सगळ्याला वर्षाला किती पैसा लागणार, हे सगळे एकाच दमात मांडलेले आहे.

पुढे २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्याच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली, आणि या मांडणीतला सोपा भाग तेवढा आपण उचलला. १९८३ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या काळात निकष पक्के झाले: सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे उपकेंद्र, ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, १,२०,००० मागे सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय. डोंगराळ आणि आदिवासी भागांत हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,०००. महाराष्ट्राचा बृहत आराखडाही याच हिशेबावर उभा आहे. जनगणनेचे आकडे घ्यायचे, निकषाने भागायचे, जितकी केंद्रे कमी पडतात तितक्या नव्या मंजुऱ्या काढायच्या. भोर समितीच्या ७५ खाटांच्या एककाचे आपल्याकडे सहा खाटांचे प्राथमिक आरोग्य केंद्र झाले. संख्या वाढत गेली आणि त्या प्रत्येक संख्येच्या आत काय असणार, हा प्रश्न मागे पडला.

लोकसंख्येचा निकष वाईट नाही. त्याने एक किमान न्याय दिला, आमदाराच्या गावालाच केंद्र मिळावे या दबावाला काही काळ तरी आवर घातला. पण माणूस आजारी पडतो तेव्हा तो टक्केवारीत राहत नाही, अंतरावर राहतो. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथे वीस हजारांमागे एक केंद्र हे गणित पावसाळ्यातल्या एखाद्या बाळंतिणीला काहीच सांगत नाही. तिला हवे असते ते एवढेच, की कळा सुरू झाल्यापासून किती वेळात एखाद्या जाणत्या माणसाच्या हाती आपण पोहोचू. या पुस्तकातल्या नकाशांवर म्हणूनच लोकसंख्येची वर्तुळे काढलेली नाहीत. वाहनाने आणि पायी लागणाऱ्या वेळेच्या रेषा काढल्या आहेत, आणि पावसाळ्याचा नकाशा वेगळा दिला आहे. मेळघाटातल्या गावांचा उन्हाळ्यातला आणि श्रावणातला नकाशा शेजारी ठेवून पाहावा. कुठल्या नव्या इमारतीची गरज आहे आणि कुठे इमारतीऐवजी माहेरघराच्या धर्तीवर बाळंतपणाआधी राहण्याची सोय पुरेल, हे त्या दोन पानांवर दिसते.

आता यंत्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गुंतवणुकीतला सर्वांत चमकदार आणि सर्वांत लवकर विझणारा भाग तो आहे.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी सरकारी दवाखान्यांतल्या उपकरणांची मोजदाद झाली, तेव्हा राज्यागणिक १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. ज्या राज्याची तिसऱ्या हिश्श्याइतकी यंत्रे बंद आहेत, त्या राज्याला नवी यंत्रे देणे हा खर्चाचा शहाणा मार्ग कसा ठरेल? या कार्यक्रमाने एक चांगली गोष्ट केली. यंत्र किती काळ चालू राहिले, याला त्याने करारातच आकडा दिला: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, सामुदायिक केंद्रात ९० टक्के, प्राथमिक केंद्रात ८० टक्के वेळ. खरेदी झाली की काम संपले, ही जुनी सवय मोडायला अशी अट लागते. नुसत्या अटीने यंत्र दुरुस्त होत नाही हे खरे, पण अट नसली तर यंत्र बंद आहे हे वर कळतसुद्धा नाही.

आपल्याच व्यवस्थेत एक यंत्र मात्र खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षे नेटाने चालत आले आहे, आणि त्याच्याकडून शिकायला हवे. लसी ठेवायचा आयएलआर, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेला शीतक. त्याच्या आतल्या भिंतींत पाणी गोठते आणि दिवसात आठ तास वीज मिळाली तरी लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहते. आठ-आठ तासांचे भारनियमन असलेल्या गावासाठीच ते जणू बनवलेले आहे. इथे यंत्र निवडतानाच गावची वीज लक्षात घेतली गेली. त्याच्याबरोबर जिल्ह्याला शीतसाखळी तंत्रज्ञाचे पद दिले गेले. सुटे भाग ठेवले गेले. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे झाकणाला एक कागद टांगला गेला, ज्यावर दिवसातून दोनदा, रविवारी आणि दिवाळीलासुद्धा, कुणीतरी तापमान लिहायचे. त्या कागदावर सही करणाऱ्या परिचारिका मी पाहिल्या आहेत. पुरात केंद्रात पाणी शिरले तेव्हा लसींचे खोके डोक्यावर घेऊन वरच्या आळीत गेलेली एक सिस्टर मला माहीत आहे. १९८५ मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम असा यंत्र, माणूस, सुटा भाग आणि रोजची नोंद या चौघांच्या जोरावर टिकला. शीतक मुळात स्वस्त आणि साधा असल्याने हे जमले, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. भूल देण्याचे बॉइल्स यंत्रही फार गुंतागुंतीचे नाही, तरी किती शस्त्रक्रियागृहांत ते कापडाखाली झाकून पडले आहे.

ते झाकून पडते, कारण भूलतज्ज्ञ नाही. २०२१-२२ च्या केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातल्या सामुदायिक केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची गरजेच्या तुलनेत ७९.५ टक्के उणीव होती. म्हणजे पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या. सिझेरियनला शल्यचिकित्सक किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, साठवलेले रक्त आणि खात्रीची वीज असे चौघे लागतात. त्यांतला एक नसला तर उरलेल्या तिघांवरचा खर्च त्या बाईच्या दृष्टीने शून्य होतो. नियोजनाच्या भाषेत याला पूरक गुंतवणूक म्हणतात. तीस तालुक्यांना प्रत्येकी पाऊण सोय देण्यापेक्षा दहा तालुक्यांना पूर्ण सोय आणि उरलेल्यांना भरवशाची रुग्णवाहिका द्यावी, हे माझे मत आहे. ते राजकीयदृष्ट्या अवघड आहे हे मी जाणतो. वीस तालुक्यांना ‘तुमच्याकडे सध्या नाही’ असे तोंडावर सांगायचे धैर्य त्याला लागते. या पुस्तकातल्या दोन लेखांत या मताला जोरदार विरोध आहे, आणि ते लेख मुद्दाम घेतले आहेत.

मोठ्या यंत्रांकडे वळलो की हा प्रश्न आणखी धारदार होतो. कर्करोगाच्या किरणोपचारासाठी कोबाल्ट-६० वापरणारी यंत्रे घ्या. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे असे यंत्र देशातच तयार केले, आणि ते आपल्या अभिमानाचे काम आहे. पण कोबाल्टचा स्रोत कुणासाठी थांबत नाही. सव्वापाच वर्षांत त्याची शक्ती निम्मी होते, रुग्णावर उपचार होवोत वा न होवोत. तोच डोस द्यायला मग दुप्पट वेळ लागतो, आणि दिवसाला होणारे रुग्ण कमी होतात. जाड काँक्रीटची खोली, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, भौतिकशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ यांतले काहीही एक वर्ष लांबले, तर ते वर्ष यंत्रातून कायमचे वजा होते. ज्याला आवर्ती खर्च पुढे ढकलता येतो असे वाटते, त्याने या स्रोताचा आलेख एकदा डोळ्यांखालून घालावा.

खरेदीच्या पद्धतीवर एक मोठा विभाग आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची, हा आपला नियम प्रामाणिकपणाच्या रक्षणासाठी आला. पण दर कशाचा मोजायचा? यंत्राच्या किमतीत दहा वर्षांचा देखभाल करार, चाचणीची रसायने, सुटे भाग आणि प्रशिक्षण धरले, तर सर्वांत स्वस्त निविदा पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर जाते. रक्त तपासणीची यंत्रे तर कधी जवळजवळ फुकट मिळतात आणि रसायनांच्या बाटल्यांतून आपली किंमत वसूल करतात. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून वेगळी वाट धरली. एकत्र खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे, आणि प्रत्येक दवाखान्याच्या हाती त्याच्या वाट्याच्या रकमेचे पासबुक. पुढे त्याच महामंडळाने सरकारी रुग्णालयांत सीटी आणि एमआरआय केंद्रे चालवायला घेतली. खरेदी करणाराच चालवणारा झाला की सुटा भाग मिळेल का, हा प्रश्न त्याला निविदा काढतानाच पडतो. महाराष्ट्रानेही हाफकिन महामंडळाकडे खरेदी देऊन पाहिली, आणि आता स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण केले आहे. या प्राधिकरणाचे यश मी खरेदीच्या रकमेवरून मोजणार नाही. कुठल्या तालुक्यात कुठले यंत्र आज बंद आहे, हे त्याला एका तासात सांगता आले तर मला समाधान वाटेल.

करोनाने आपल्याला जे शिकवले त्यातले पुष्कळसे आपण विसरू लागलो आहोत. पहिली लाट ओसरली, खाटा रिकाम्या झाल्या, तेव्हा नंदुरबारचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी जिल्ह्यात हवेतून प्राणवायू वेगळा करणारी संयंत्रे उभारायला घेतली. दुसऱ्या लाटेत इतरत्र टँकरची वाट पाहिली जात असताना या दुर्गम आदिवासी जिल्ह्याकडे स्वतःचा प्राणवायू होता. ही दूरदृष्टी मोठीच. पण मला विचारावेसे वाटते ते आजचे. त्यानंतर देशभर अशी संयंत्रे बसली. त्यांतल्या प्राणवायू वेगळा करणाऱ्या झिओलाइटला ओल लागली की ते निकामी होते, गाळण्या बदलाव्या लागतात, प्राणवायूची शुद्धता तपासावी लागते, आणि संयंत्र महिनोन्महिने बंद ठेवले तर ऐनवेळी ते सुरू होत नाही. ज्या रुग्णालयात आज त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे हे पटकन सांगता येत नाही, तिथे प्राणवायू आहे असे समजू नये.

आणि भंडारा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्या रात्रीच्या कारणांची चर्चा मी इथे करत नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की आपल्या जुन्या रुग्णालयांची वायरिंग पंखे आणि ट्यूबलाइटच्या काळातली आहे, आणि तिच्यावर आपण वॉर्मर, व्हेंटिलेटर, मॉनिटर, वातानुकूलन यंत्रे एकामागून एक जोडत गेलो. नव्या यंत्राच्या प्रस्तावात त्याचा विद्युतभार आणि तो पेलणारी तार यांचा खर्च नसेल, तर तो प्रस्ताव अपुरा नाही, धोकादायक आहे. या विषयाचा लेख वाचताना माझा हात थरथरला.

गुंतवणूक म्हणजे सिमेंट आणि लोखंड, ही समजूतही सोडायला हवी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. साधने काय होती? वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळायची पिशवी, औषधे, आणि गावातलीच शिकवून तयार केलेली एक बाई. हा सगळा खर्च जवळपास आवर्ती रकान्यातला. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन हेच काम करतात. त्यांच्या मोबदल्याला आपण अजून मानधन म्हणतो आणि इमारतीला मालमत्ता. माझ्या हिशेबात देशाची मालमत्ता आधी ती बाई आहे.

पैसा आहे का? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून दिला. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता, म्हणजे घट मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. पंधराव्या वित्त आयोगाने पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटींचे अनुदान सुचवले, आयुष्मान भारत पायाभूत सुविधा अभियानाला ६४,१८० कोटी ठरले. इतका भांडवली पैसा या क्षेत्राने पूर्वी पाहिला नव्हता. पण अशी अनुदाने मुदतीची असतात. मुदत संपल्यावर त्या प्रयोगशाळांतल्या तंत्रज्ञांचे पगार, त्या अतिदक्षता विभागांची वीज राज्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकावर येणार आहे. ते अंदाजपत्रक आजच त्यासाठी जागा करते आहे का, हे प्रत्येक जिल्ह्यातल्या जागरूक माणसाने जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत विचारावे, इतकी माहिती या पुस्तकात आहे.

लेखकांत डॉक्टर आहेत, लेखाधिकारी आहेत, जैववैद्यकीय अभियंते आहेत, आणि एका निवृत्त भांडारपालाचा लेख मला सगळ्यांत आवडला आहे. निर्लेखनाची, म्हणजे मोडीत काढायच्या सामानाची, परवानगी मिळेना म्हणून जुन्या यंत्रांनी अडवलेल्या खोल्यांची त्यांनी केलेली मोजणी वाचावी. नवा वॉर्ड बांधायचा खर्च कुठे वाचला असता, ते त्यात आहे. मराठीत या विषयावर फार कमी लिहिले गेले, आणि जे लिहिले गेले ते शासन निर्णयांच्या भाषेत. इथल्या लेखकांना मी एकच विनंती केली होती, की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला समजेल असे लिहा.

त्या ग्रामीण रुग्णालयातले एक्स-रे यंत्र चौदाव्या महिन्यात सुरू झाले. थ्री फेजची अनामत गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून भरली, आणि तंत्रज्ञ जिल्ह्याहून परत आला. पहिली फिल्म काढली ती विहिरीवर घसरून मनगट मोडलेल्या एका बाईची. अंधाऱ्या खोलीतून ओली फिल्म हँगरला लावून तो बाहेर आला, उजेडात धरली, आणि हाड कुठे सरकले आहे ते मी तिला बोटाने दाखवले. प्लास्टर झाल्यावर तिने विचारले, “हाड जुळलं का बघायला आता जिल्ह्याला जायला नको ना, डॉक्टर?” मी म्हणालो, इथेच या. सहा आठवड्यांनी ती आली. त्या दिवशी तंत्रज्ञ हजर होता, वीज होती, आणि फिल्म शिल्लक होती.